खोऱ्यावरचा डोंगर

१

अकरा माणसं ज्या पावसात बुडाली, तो पाऊस रडारच्या चित्रात नव्हताच.

ती चित्रं मी तिसऱ्यांदा पाहत होते. दुपारी चार ते पाच, दर दहा मिनिटांनी एक, अशी सात. शहरावर तुरळक ठिपके, दक्षिणेला एक पिवळी पट्टी आणि डोंगररांगेपलीकडच्या खोऱ्यावर सगळं पांढरं. पांढरं म्हणजे पाऊस नाही. त्याच वेळी खोऱ्यात एवढा कोसळत होता की पाच वाजायला दहा मिनिटं असताना फरशी पुलावरून भरलेली बस वाहून गेली.

रडार चालू, पाऊस चालू आणि चित्र कोरं. पोलिसांनी याचा सरळ अर्थ लावला: ड्यूटीवरचा अंदाजवाला गाफील राहिला आणि मग अंगाशी येईल म्हणून त्याने साठवलेली चित्रं पुसली. त्याला कोठडीत टाकून तीन आठवडे झाले होते. सोमवारी त्याला कोर्टात उभं करायचं होतं आणि आज गुरुवार होता. त्याआधी आपला एक तांत्रिक अहवाल असावा, असं खात्याच्या मनात आलं आणि मला बोलावणं आलं. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आहेत. त्याआधीची सगळी हयात पर्जन्यमापकं आणि रडारचे आकडे तपासण्यात गेली. माघारी मला ‘गाळणी’ म्हणत. तोंडावर अर्थातच ‘मॅडम’.

कचेरीच्या फाटकाशी एक वयस्कर गृहस्थ घडीच्या स्टुलावर बसलेले असत. फिर्याद त्यांचीच होती. खोऱ्यातल्या पोस्टाचे मास्तर. त्यांची मुलगी शहरातल्या इस्पितळात नर्स होती, पहिली पाळी संपवून घरी निघाली होती. तिसरीच सीट, खिडकीची.

“बाई,” मला आत जाताना पाहून ते म्हणाले, “त्याने झोप काढली आणि माझं पोर गेलं. तुम्ही त्याला पाठीशी घालणार नाही ना?”

“मी कुणालाच घालत नाही,” मी म्हटलं. माझी ख्याती तशी आहे, आणि तिचा मला कधी फार अभिमान वाटला नाही.

पहिलं काम सोपं होतं. आमची चित्रं तयार झाली की आपोआप विमानतळावरही जातात. तिथल्या बाईंना फोन करून मी त्या तासाच्या प्रती मागवल्या. अर्ध्या तासात आल्या. खोऱ्यावर तिथेही पांढरंच.

म्हणजे चित्रं नंतर कुणी पुसली नव्हती, ती जन्मतःच कोरी होती. पाऊस यायच्या आधीच कुणीतरी रडारचा एक डोळा झाकून ठेवला होता.

२

अंदाजवाल्याला सगळे ‘छत्री’ म्हणत. आभाळ फाटलं तरी छत्री घेऊन बाहेर पडायचा नाही म्हणून. कोठडीत त्याची दाढी वाढली होती आणि शर्टाच्या गुंड्या एक घर चुकून लावलेल्या होत्या.

“झोपला होतास?”

“नाही, मॅडम. चहालाही उठलो नव्हतो. उठलो असतो तर बरं झालं असतं.”

“का?”

“जिन्यातल्या खिडकीतून डोंगर दिसतो.” तो बोटांची नखं पाहत राहिला. “चार वाजून दहा मिनिटांनी डेपोतून फोन आला. खोऱ्याकडे अंधारून आलंय म्हणाले, बस सोडू का? मी पडद्याकडे बघितलं आणि म्हटलं, पडदा साफ आहे, सोडा. सोडा म्हटलं मी, मॅडम! तो माणूस डोळ्यांनी आभाळ बघून सांगत होता आणि मी त्याला चित्र वाचून दाखवलं.”

त्याला बायको होती, दोन लहान मुली होत्या, आणि कलम लागलं तर सात-आठ वर्षांचा तुरुंग ठरलेला होता. मला त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच.

रडारची देखभाल करणाऱ्याला ‘घुमट्या’ म्हणत, कारण दिवसातला निम्मा वेळ तो टेकडीवरच्या त्या पांढऱ्या घुमटात असायचा. मी आल्याचं कळल्यापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“यंत्र ठणठणीत होतं,” त्याने मी विचारायच्या आतच सांगितलं. “त्या दिवशीचे कच्चे आकडे आहेत. तपासा.”

तपासले. कच्च्या आकड्यांत, म्हणजे यंत्राला जे दिसलं आणि अजून कुणी साफसूफ केलेलं नाही त्यात, खोऱ्यावर लालभडक पाऊस होता. रडारने पाहिला होता. पडद्यापर्यंत येता येता तो कुठेतरी गळला होता.

“आणि जुने? वर्षभराचे कच्चे आकडे?”

त्याने मान खाली घातली. “पुसले.”

“कधी?”

“या घटनेनंतर दोन दिवसांनी. जागा भरली होती, मॅडम. नियमच आहे, वर्षातून एकदा नव्वद दिवसांपलीकडचं सगळं काढायचं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच पुसले. आता सगळे माझ्याकडे बघतात.”

मीही बघत होते. पण घुमट्याच्या टेबलावर जुनी लेखी नोंदवही होती आणि दर वर्षी त्याच आठवड्यात त्याने तेच काम केलेलं होतं, वर्षानुवर्षं. माणूस वक्तशीर निघाला, एवढाच त्याचा गुन्हा.

कच्च्या आकड्यांतला पाऊस चित्रात कशाने गाळला? त्या वाटेवर एकच चाळण असते. रडारला पाऊस दिसतो तसे डोंगर, मनोरे, इमारतीही दिसतात. पावसासारखेच दिसतात. म्हणून कोरड्या दिवशी रडारला जे जे दिसतं त्याचा नकाशा करून ठेवायचा, कारण पाऊस नसताना जे दिसतं ते नक्की पाऊस नव्हे. मग रोजच्या चित्रातून तेवढी जागा वगळायची. आम्ही त्याला डोंगरनकाशा म्हणतो.

मी डोंगरनकाशा उघडला आणि शेजारी जमिनीचा साधा नकाशा ठेवला. रांग जुळली. टेकड्या जुळल्या. मनोरा जुळला. आणि रांगेच्या पलीकडे, जिथे शेतं आणि नदी आहे, तिथे अख्ख्या खोऱ्यावर कुणीतरी एक भलामोठा डोंगर उभा केला होता.

३

आकड्यांचा दर्जा तपासणाऱ्या विभागाची प्रमुख माझीच शिष्या. बावीस वर्षांपूर्वी तिला पहिलं पर्जन्यमापक मी वाचायला शिकवलं होतं. अजून ‘ताई’ म्हणते. तिची खोली नेहमीसारखीच टापटीप होती आणि पेन्सिली टोकदार.

“डोंगरनकाशा कुणी केला?” मी विचारलं.

“मी. आठ महिन्यांपूर्वी. घुमटातला एक भाग बदलला की नवा करावा लागतो, तुम्हाला ठाऊकच आहे.”

“दिवस कसे निवडलेस?”

“पुस्तकात आहेत तसेच. सलग तीन दिवस, परिसरातल्या सगळ्या पर्जन्यमापकांत शून्य. अकरा, बारा, तेरा तारीख.” तिने संगणकावर तक्ता लावला. शहर शून्य, टेकडी शून्य, खोऱ्यातलं पोस्ट शून्य. “कोरडे ठणठणीत, ताई.”

“मग खोऱ्यावरचा डोंगर कुठला?”

“असेल काहीतरी. पलीकडच्या उताराचं परावर्तन.”

आमच्या टेकडीवरून निघालेला किरण रांगेच्या माथ्यावरून पुढे सरळ जातो. खोऱ्याची जमीन खाली राहते. तिथे पोचेस्तोवर तो जमिनीपासून दीड किलोमीटर वर असतो. एवढ्या उंचीवर ना उतार, ना झाड, ना घर. हवेशिवाय तिथे काही नसतं. हे मी तिला वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं.

तक्त्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. खोऱ्याच्या रांगेत चौदा तारखेचं घर रिकामं होतं आणि कोपऱ्यात नऊचा आकडा. नऊ म्हणजे नोंद आली होती, पण तपासणीत नापास झाली.

“इथे काय होतं?”

“आठवत नाही. महिन्याला पावसाच्या नोंदींची चारशे कार्डं येतात.”

“कार्ड बघू.”

ती फडताळापर्यंत गेली, फाइल उघडली, पुन्हा चाळली. खोऱ्याचं त्या महिन्याचं कार्ड नव्हतं. आधीचं होतं, नंतरचं होतं.

“गहाळ झालं असेल,” ती म्हणाली. “पण त्याने काय फरक पडतो? असे चाळीस-एक्केचाळीसचे खुळे आकडे येतच असतात. कुणी बाटलीत पाणी ओततं, कुणी दशांश विसरतं. शेजारी सगळीकडे शून्य, रडार साफ, मग एकट्या खोऱ्यात कुठून पडणार? मी नापास केला. तुम्हीही केला असतात.”

केला असता का? घरी जाताना मी स्वतःला तेच विचारत होते, आणि उत्तर मला आवडलं नाही. फडताळाची किल्ली तिघांकडे होती: तिच्याकडे, घुमट्याकडे आणि कोठडीत बसलेल्या छत्रीकडे.

४

शनिवारी सकाळी मी खोऱ्यात गेले. फरशी पुलाचे कठडे अजून बसवले नव्हते. दोन्ही बाजूंना दोर बांधला होता आणि बस पायी चालण्याच्या वेगाने गेली.

पोस्टात मास्तरांच्या जागी बदली कारकून होती, चुणचुणीत बाई. मागच्या अंगणात पर्जन्यमापक: लोखंडी कुंपण, मधे नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापाने मोजायचं, कार्डावर लिहायचं, बाटली रिकामी करून परत ठेवायची. कार्ड महिनाअखेरीला शहरात जातं. कार्बन प्रत इथेच राहते.

“मास्तर फार काटेकोर,” कारकूनबाई म्हणाली. “एक प्रत हरवलेली नाही सतरा वर्षांत.”

तिने आठ महिन्यांपूर्वीची काढून दिली. अकरा: शून्य. बारा: शून्य. तेरा: शून्य. चौदा: एक्केचाळीस पूर्णांक दोन.

मी तिथल्या बाकावर बसले.

एक्केचाळीस. दर्जावाली म्हणाली होती ‘चाळीस-एक्केचाळीसचे खुळे आकडे’. संगणकात तो आकडा नाही, तिथे फक्त नऊ आहे. महिन्याला चारशे कार्डं तपासणाऱ्या बाईला आठ महिन्यांपूर्वीचा एक आकडा आठवत नाही, आणि ती स्वतः तसं म्हणालीही. तो तिच्या जिभेवर होता, कारण तिने तो नुकताच पुन्हा वाचला होता. कार्ड तिच्याकडे होतं.

पण तेवढ्याने कोडं सुटत नव्हतं. चौदाला रडारच्या चित्रात खरंच काही नव्हतं, आजूबाजूला काही नव्हतं. निरभ्र दिवशी बाटलीत एक्केचाळीस मिलिमीटर येणार कुठून? आणि पाऊस असेलच तर तो अकरा ते तेरात, रडारने जो डोंगर समजून टिपला तोच. तेव्हा मात्र बाटली कोरडी!

बाटली कोरडी होती, की ती कुणी पाहिलीच नव्हती?

“बाई,” मी विचारलं, “हजेरीपुस्तक आहे का त्या महिन्याचं?”

तिने काढून दिलं. अकरा, बारा, तेरा या तीन घरांत मास्तरांची सही नव्हती. तीन दिवस पोस्ट बंद. रजा मंजूर. कारणाच्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मुलीचे बाळंतपण.

५

त्याच संध्याकाळी दर्जावालीने घराचं दार उघडलं आणि माझ्या हातातली कार्बन प्रत पाहिली. ती आत गेली आणि कपाटातून कार्ड घेऊन आली. एक्केचाळीस पूर्णांक दोनवर तांबडी रेघ होती आणि खाली तिची आद्याक्षरं.

“बस वाहून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काढलं,” ती म्हणाली. “बातमीत खोऱ्याचं नाव ऐकलं आणि तशीच कचेरीत गेले. नकाशा उघडून बघितला. ताई, मला पाच मिनिटांत कळलं.”

“आणि तीन आठवडे एक माणूस कोठडीत आहे.”

“रोज सांगायचं ठरवते. रोज.” ती खुर्चीत बसली. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला सगळं क्रमाने सांगितलं, कारण अहवालातही ते तसंच यायचं होतं. तीन दिवस रांगेला ढग अडून फक्त खोऱ्यात पाऊस झाला. रांगेच्या अलीकडे शहर कोरडं. मास्तर गावात नव्हते, बाटली साठत गेली. चौदाला ते परतले, बाटलीत तीन दिवसांचं पाणी होतं, ते त्यांनी प्रामाणिकपणे मोजलं आणि त्या दिवसाच्या घरात लिहिलं. मागची तीन घरं रिकामी होती, त्यांत शून्य भरलं.

“खरा आकडा एकच होता,” मी म्हटलं, “तो तू नापास केलास. तीन खोटे पास केलेस, कारण ते शेजाऱ्यांशी जुळत होते. त्यांच्या भरवशावर पावसाचाच डोंगर करून ठेवलास. पुढे जेव्हा तसाच वारा आला आणि तसाच पाऊस अडकला, तेव्हा आपल्या यंत्राने तो इमानदारीत गाळून टाकला. आणि वगळलेली जागा आपण पांढरीच दाखवतो. ‘पाऊस नाही’ आणि ‘आम्हाला माहीत नाही’ या दोन्हींना एकच रंग! तो रंग ठरवणाऱ्या समितीत मीही होते.”

तिने वर पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

“एक फोन केला असतास मास्तरांना,” मी म्हटलं. “एक्केचाळीस कुठून आले, एवढंच विचारलं असतंस.”

“हो.”

मग ती म्हणाली, “मी उद्या जबाब देते. रेघ माझी, नकाशा माझा, कार्ड मी चोरलं, सगळं लिहून देते. छत्री सुटेल ना?”

मला तेच वाटत होतं, घरी जाईपर्यंत. अहवाल लिहायला घेतला तेव्हा अडकले. सरकारी वकील पहिला प्रश्न काय विचारेल? तुमच्याच संगणकात तीन दिवस शून्य पाऊस आहे. मग नकाशात पाऊस शिरला कसा? कच्चे आकडे घुमट्याने पुसलेले, आणि भाग बदलल्यावर चाचणीच्या त्या तीन दिवसांत चित्रं काढलीच नव्हती. रजेचा कागद म्हणजे पुरावा नव्हे. बाटली दुसऱ्या कुणी वाचली असेल, मास्तरांनी विचारून लिहिलं असेल. ते शून्य खोटं होतं हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि छत्रीला शिक्षा व्हावी म्हणून तो रोज फाटकाशी बसत होता.

६

रविवारी दुपारी मास्तरांच्या ओसरीवर गेले तेव्हा ते नातीला मांडीवर घेऊन पेज भरवत होते. आठ महिन्यांची पोरगी, चमच्यावर झडप घालणारी. आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांची बायको आत होती.

“सोमवारची तयारी झाली का, बाई?”

मी कार्बन प्रत त्यांच्यासमोर ठेवली. ती ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही.

“एक्केचाळीस. हो, आठवतंय. बाटली गळ्यापर्यंत भरली होती. मला वाटलं, एका दिवसात पडला असेल.”

“आणि आधीचे तीन दिवस?”

“मी शहरात होतो. हिच्या वेळेला. सगळं अवघडच झालं होतं, तिला तीन दिवस हलवू देत नव्हते.” त्यांनी बाळाची हनुवटी पुसली. “परत आल्यावर शून्य भरलं. घर रिकामं गेलं की वरून पत्र येतं, खुलासा करा म्हणून. सतरा वर्षांत मला एक पत्र आलेलं नाही. त्याचं काय आता?”

मी सांगितलं. इतकं सावकाश मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

“त्या घरात मी काय लिहायला हवं होतं?” त्यांनी शेवटी विचारलं.

“काहीच नाही. नुसती आडवी रेघ. मोजलं नाही, एवढंच.”

“रेघ असती, तर?”

“ते दिवस नकाशासाठी घेतलेच नसते.”

“आणि त्या दिवशी पडद्यावर?”

“पाऊस दिसला असता.”

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्याचं उत्तर त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं: डेपोचा फोन, चार वाजून दहा मिनिटं, थांबलेली बस.

मी घाईघाईने म्हणाले, “चूक एकट्या तुमची नाही. तुमचा खरा आकडा आम्ही खोडला. कुणी एक फोन केला नाही. पडद्याचा रंग आम्ही ठरवला. मास्तर, हे सगळं मी लिहिणार आहे.”

“पण माझ्या सहीशिवाय तो पोरगा सुटत नाही.”

“नाही.”

“त्याला मुली आहेत म्हणे.”

“दोन.”

त्यांनी माझ्यापुढचा जबाबाचा कागद ओढून घेतला आणि वाचला. एके ठिकाणी मी ‘अनवधानाने शून्य भरले गेले’ असं लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी वर लिहिलं, ‘मी शून्य भरले’. मग सही केली, तारीख घातली. पेन खाली ठेवलं आणि बाळाला दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

आतली भांडी थांबली.

“अहो,” त्यांच्या बायकोने विचारलं, “त्या कचेरीतल्या बाई आल्यात ना? कुणामुळे झालं ते सापडलं का हो त्यांना?”

मास्तरांनी डोळे मिटले.

“सापडलं,” ते म्हणाले. “बाहेर ये. इथे बस माझ्याजवळ. सांगतो.”

मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातून बाळाला घेतलं.